विमा भरला नाही, म्हणून अनुदानही गेलं का?

धाराशिव जिल्ह्यातल्या सीनाकाठच्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. जागेअभावी त्यातलं नेमकं तेवढं देतो.

‘आमची आठ एकर, सातबारा सामायिक. आमचे मालक आणि थोरले दीर अशी दोन नावं. मालक दोन वर्षांपूर्वी वारले, वारस लावायचं राहून गेलं. दीर भोसरीला कंपनीत आहेत. आमच्या वाट्याची चार एकर मीच करते. सप्टेंबरात सीनेला पूर आला. सोयाबीन चार दिवस पाण्याखाली होतं, शेंगेतच कोंब फुटले. गोठा गेला, म्हैस दुसऱ्या दिवशी बाभळीत अडकलेली सापडली, दोन शेळ्या वाहूनच गेल्या. नदीकडचं अर्धा एकर रान खरडून खाली दगड उघडा पडलाय. यंदा मी विमा भरला नव्हता. एक रुपयात होता तेव्हा दोन वर्षं भरला. यंदा केंद्रावर हजाराच्या पुढं सांगितले, खत घेतल्यावर तेवढे त्या दिवशी उरले नव्हते. आता सगळ्या गावाचं अनुदान आलं, माझं नाही. शेजारी म्हणतात, विमा नाही त्याला काही मिळत नसतं. भाऊजी फोनवर रोज विम्यावरूनच बोलतात. वर म्हणतात, संमतीपत्र दे, सगळे पैसे माझ्या खात्यावर घेतो, मग बघू. गावातला एकजण म्हणतो, दोन म्हशी अन् सहा शेळ्या दाखवू, तहसीलातून करून आणतो, निम्मे माझे. घरी सासूबाई, दहावीतली मुलगी, सातवीतला मुलगा. मी काय करावं? आणि माझीच चूक आहे का?’

ताई,

शेजारी म्हणतात ते साफ खोटं आहे. अतिवृष्टीच्या अनुदानाला विम्याची अट नव्हती आणि आजही नाही. मी महसूल खात्यात एकतीस वर्षं काढली, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. पंचनामे किती लिहिले त्याची गणती नाही. त्या कागदावर खातेदाराचं नाव असतं, गट नंबर असतो, पीक, क्षेत्र आणि नुकसानीची टक्केवारी असते. ‘विमा भरला का’ असा रकाना मी कधी भरलेला नाही.

या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि गावात त्यांचा नेहमी घोळ होतो. विमा म्हणजे तुमचा आणि कंपनीचा करार. हप्ता भरला तर दावा, नाही भरला तर विषय संपला. तो कृषी खात्याकडून चालतो. अनुदान येतं राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून, महसूल खात्यामार्फत. या निधीत आपल्या राज्यासाठी ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा. तिथं प्रश्न एवढाच, की आपत्ती आली का आणि पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं का. (२०१४ च्या गारपिटीत आम्ही पंचनामे केले तेव्हा ही अट ५० टक्क्यांची होती. ४५ टक्के नुकसान झालेल्या माणसाच्या बांधावर उभं राहून ‘तुमचं बसत नाही’ असं सांगणं काय असतं, ते विचारू नका. पुढच्याच वर्षी केंद्रानं ती ३३ वर आणली.) चार दिवस पाण्यात राहून कोंब फुटलेल्या सोयाबीनला टक्केवारीची भीती नाही.

मग तुमचं का आलं नाही? पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘वारस लावायचं राहून गेलं.’ तुम्ही म्हणता, माझं अनुदान आलं नाही. पण यादीत मालकांचं नाव आहे का, हे पाहिलंत का? माझा अंदाज आहे, ते असणार. सातबाऱ्यावर जे नाव, तेच पंचनाम्यावर येतं आणि तेच यादीत चढतं. माणूस गेलेला असतो, त्याचं आधार चालत नाही, खातं बंद झालेलं असतं, आणि ती रक्कम ‘प्रलंबित’ म्हणून तहसीलच्या संगणकात बसून राहते. गावाला वाटतं बाईनं विमा भरला नाही म्हणून पैसे अडले. पैसे अडलेत ते फेरफारावर, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायच्या नोंदीवर.

म्हणून पहिलं काम ते. वारस नोंदीला वकील लागत नाही की एजंट लागत नाही. मालकांचा मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वय, नातं आणि पत्ता लिहिलेला अर्ज, शपथपत्र, आधारच्या झेरॉक्स. तलाठ्याकडे द्या. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. नाव बदललंय, खुर्ची तीच आहे. नोंद धरल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी ती मंजूर करतात. २०२५ मध्ये सरकारनं ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीमच काढली होती, मयत खातेदारांच्या जागी वारस लावायला. अर्जात त्या मोहिमेचा उल्लेख करा, म्हणजे टोलवाटोलवी करायला जागा कमी राहते.

वारसांत चार नावं येतील: तुम्ही, मुलगा, मुलगी आणि सासूबाई. आई मुलाची वारस असते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मुलीचं नाव ‘कशाला, पुढं लग्न होऊन जाईल’ म्हणून गाळायला सांगणारे भेटतील. गाळू नका. खोटी वारस यादी पुढं वीस वर्षांनी भावाबहिणीत दावा होऊन उगवते, आणि शिवाय अर्जात शपथेवर खोटं लिहिल्यासारखं होतं.

वारस लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. त्याच दिवशी दुसरा अर्ज तहसीलदारांच्या नावे द्या. त्यात लिहा की अमुक गटाचे खातेदार मयत आहेत, वारस नोंदीचा अर्ज अमुक तारखेला दिला आहे, सप्टेंबर २०२५ च्या पुराच्या मदतीची त्यांच्या नावची रक्कम वारसांना द्यावी, आणि पंचनाम्यात नाव नसेल तर पुरवणी यादीत घ्यावं. सोबत पुराच्या वेळचे फोटो असतील तर लावा. पाण्यात उभं असलेलं सोयाबीन, पडलेला गोठा, म्हैस, जे मोबाइलात असेल ते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. ‘ठेवून जा ताई, बघतो’ असं कुणी म्हणालं तर हसून म्हणा, पोच द्या, मग जाते. माझ्या नोकरीत पोच मागणाऱ्याचा कागद मी कधी हरवला नाही. न मागणाऱ्यांचे हरवले, खोटं कशाला बोलू.

पंचनाम्यात तुमच्या गटाचं काय लिहिलंय, ते तोंडी विचारा. नाहीच सांगितलं तर माहिती अधिकारात पंचनाम्याची प्रत मागा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जिल्ह्याला दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तीही जागा आहे. पण आधी कोतवालाला विचारा. कुणाचं नाव कुठं अडकलंय हे तहसीलदारांच्या आधी त्याला माहीत असतं.

आता पैशाचं बोलू, कारण त्यावरच तुमच्या पुढच्या खरिपाची मांडणी आहे.

कोरडवाहू पिकाला आपत्ती निधीचा दर हेक्टरी ८,५०० रुपये. तुमच्या चार एकराचं साधारण १.६ हेक्टर होतं, म्हणजे १३,६०० रुपये. ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात बी-बियाण्यांसह रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी १० हजार जास्तीचे आहेत, तीन हेक्टरांपर्यंत. तुमचे ते झाले १६ हजार. दोन्ही मिळून २९,६००. हे दोन वेगवेगळे हप्ते आहेत आणि वेगवेगळ्या वेळी आलेत; गावात कुणाला एक आलाय, दुसरा नाही. तेव्हा तुमच्या अर्जात दोन्हींचा स्पष्ट उल्लेख करा.

आता ही रक्कम सोयाबीनच्या शेजारी ठेवून बघा. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. एकरी सहा क्विंटल धरलं तरी चार एकराचं चोवीस क्विंटल, सव्वा लाखाच्या वर. हमीभाव बाजारात मिळाला असता का, ते सोडा. सरकारी कागदावर याला ‘मदत’ म्हणतात, भरपाई म्हणत नाहीत, आणि शब्द अगदी जपून निवडलाय. पुढच्या पेरणीपर्यंत माणूस तगावा एवढीच तिची झेप. ‘अनुदान आलं की सोसायटीचं फेडू, मुलीचं बघू, गोठा बांधू’ असं तीनदा खर्चू नका. आधीच उधारीत धरलेलं अनुदान घरात भांडण लावतं.

म्हशीकडे मात्र तुमचं दुर्लक्ष झालंय, आणि मला तेच खटकलं. दुभत्या म्हशीला आपत्ती निधीच्या निकषात ३७,५०० रुपये आहेत. म्हणजे चार एकर सोयाबीनच्या दोन्ही हप्त्यांपेक्षा तुमची एक म्हैस जास्त आहे! (बाजारात तशी म्हैस त्या पैशात येत नाही, हे मलाही कळतं.) गावोगाव हेच बघतो, सगळं लक्ष सोयाबीनच्या टक्केवारीवर आणि मेलेलं जनावर ओढून पुरलं की विषय संपला. जनावराच्या अनुदानाला सातबारा लागत नाही. म्हैस सातबाऱ्यावर नसते, दावणीला असते. म्हणजे वारसाचा घोळ इथं आडवा येत नाही, आणि हे पैसे तुमच्या स्वतःच्या नावावर आधी येऊ शकतात.

म्हैस मेली तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर आले होते का? शवविच्छेदन किंवा निदान पाहणी झाली होती का? झाली असेल तर पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या दवाखान्यात त्याची नोंद आहे, दाखला मागा. दुसरं, म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला होता का? लाळ्या-खुरकूताची लस टोचायला येतात तेव्हा मारतात तो, बारा आकडी. जून २०२४ पासून आपल्या राज्यात नियम आहे की बिल्ला नसलेलं जनावर आपत्तीत मेलं तर भरपाई देय नाही. बिल्ला असेल तर तो नंबर संगणकात तुमच्या किंवा मालकांच्या नावावर सापडेल, आणि म्हैस तुमचीच होती हे वेगळं सिद्ध करायला नको. लसीकरणाची चिठ्ठी, दूध डेअरीचं पासबुक, तेही शोधून ठेवा. डेअरीला दूध घालत होतात आणि सप्टेंबरच्या शेवटी घालणं थांबलं, हे पासबुकच सांगतं. त्याच्यासारखा साक्षीदार नाही.

शेळ्यांचं तुम्हाला खरं सांगतो. निकषात शेळीला चार हजार आहेत. पण वाहून गेलेली, बिल्ला नसलेली, मागं काहीच न राहिलेली शेळी कागदावर आणणं अवघड. सरपंच, पोलीस पाटील आणि शेजारच्या दोघांच्या सह्यांनी मागणी जरूर करा, मागायचा हक्क तुमचा आहे. आशा मात्र म्हशीवर ठेवा. गोठ्याला तीन हजार आहेत. फार नाहीत, पण अर्ज करायला वेगळा कागद लागत नाही, त्याच अर्जात एक ओळ.

आणि ते दोन म्हशी, सहा शेळ्यावाले गृहस्थ. त्यांना नमस्कार करा आणि दार लावून घ्या. आपल्याच मराठवाड्यात, जालना जिल्ह्यात, अतिवृष्टी अनुदानाच्या वाटपातला घोटाळा २०२५ मध्ये बाहेर आला, तलाठी निलंबित झाले. चौकशी लागली की एकेक खातं तपासलं जातं. तेव्हा हे गृहस्थ कुठंच नसतात. पैसे तुमच्या खात्यावर आलेले असतात, सही तुमची असते आणि वसुलीची नोटीसही तुम्हालाच येते. शिवाय हिशेब बघा. खऱ्या म्हशीचे पूर्ण ३७,५०० तुमचे आहेत. त्यांच्या मार्गानं गेलात तर खऱ्या म्हशीतलेही निम्मे त्यांचे. खोट्यात तुम्हाला ओढून ते तुमच्या खऱ्यावर हात मारतायत. माझ्या सज्ज्यात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, एकदा एका माणसानं मेलेल्या एका बैलाचे दोन केले होते. दुसरा बैल शेजाऱ्याच्या दावणीला रवंथ करत उभा होता, आणि शेजाऱ्याचं त्याच्याशी बांधावरून वैर. पुढं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. खऱ्या बैलाचेही पैसे अडकले, ते कायमचे.

नदीकडच्या अर्ध्या एकराचं तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय. ताई, ते वाक्य नव्हे, तो वेगळा अर्ज आहे. पीक वाहून जाणं आणि माती वाहून जाणं या सरकारी हिशेबात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्याही. सोयाबीन पुढच्या जूनमध्ये पुन्हा पेराल. दगडावर काय पेरणार? खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं असं त्या पॅकेजमध्ये जाहीर झालं. वीस गुंठ्यांना रोख रक्कम नऊ-साडेनऊ हजारच बसते, पण खरी किंमत रोजगार हमीच्या कामाची आहे: माती आणून भरणं, बांध घालणं. ते काम आपोआप येत नाही. जॉबकार्ड काढावं लागतं, ग्रामपंचायतीत मागणी द्यावी लागते, कामाला मंजुरी घ्यावी लागते. चारपाच शेजाऱ्यांचं सलग रान खरडलं असेल तर एकत्र मागणी द्या. एकट्याच्या अर्ध्या एकरासाठी हालचाल होत नाही, सलग दहा एकरासाठी होते. आणि हो, त्याच तुकड्यावर पिकाचंही अनुदान आणि जमिनीचंही, असं दोन्ही मिळेल हे धरून बसू नका. पंचनाम्यात तो तुकडा कोणत्या नावाखाली गेलाय ते पाहा. सोयाबीन म्हणून गेला असेल तर दुरुस्ती मागा. वाळू-गाळ साचलेली जमीन असेल तर त्याचा दर वेगळा, हेक्टरी १८ हजार. म्हणून अर्जात ‘खराब झाली’ असं मोघम लिहू नका, ‘माती खरडून जाऊन खडक उघडा पडला’ असं लिहा.

भाऊजींच्या संमतीपत्राचं काय करायचं?

सामायिक खात्यात असं संमतीपत्र मागतात, ही गोष्ट खरी. सगळ्यांच्या संमतीनं एकाच्या खात्यावर पैसे, म्हणजे वाटणीची भानगड तहसीलला नको. भाऊजींच्या मनात काळंबेरं असेलच असं मी म्हणणार नाही, मी त्यांना ओळखत नाही. पण ‘मग बघू’ या दोन शब्दांवर सही करायची नाही. वारस लागले की तुमच्या वाट्याची रक्कम तुमच्या खात्यावर यायला हवी, हेच धरून चला. घाईच असेल आणि ते ऐकतच नसतील, तर साध्या कागदावर ‘एकूण रकमेतली निम्मी रक्कम जमा झाल्यापासून आठ दिवसांत अमुक यांना देईन’ एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या, सासूबाई आणि गावातल्या एका वडीलधाऱ्याची साक्ष घ्या, आणि मगच सही. हे मागताना आवाज चढवायची गरज नाही. ‘भाऊजी, उद्या तुम्हाला कुणी बोल लावू नये म्हणून लिहून ठेवू’ असं म्हणा. सासूबाईंना शेजारी बसवून फोन लावा.

आणि एक गंमत. भाऊजींना विचारा, त्यांच्या नावावर सोसायटीचं पीककर्ज आहे का? असेल, तर कर्जदार शेतकऱ्याला विमा नको असल्यास मुदतीच्या सात दिवस आधी तसं लेखी द्यावं लागतं. दिलं नाही तर बँक हप्ता कापून घेते. भोसरीत बसून त्यांनी तसं लिहून दिलं असेल असं वाटत नाही. तेव्हा तुम्हाला रोज विम्यावरून बोलण्याआधी त्यांनी जिल्हा बँकेचं आपलंच पासबुक एकदा बघावं. त्यांच्या वाट्याचा विमा कदाचित निघालेला असेल, आणि त्यांनाच पत्ता नसेल.

यावरून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. तुमची चूक आहे का?

एक रुपयाचा विमा २०२३ च्या खरिपात सुरू झाला आणि २०२५ मध्ये बंद झाला, कारण पडीक, बिगरशेती, अगदी सरकारी जमिनीवरसुद्धा लोकांनी बोगस विमे काढले. त्याची झळ तुम्हाला बसली. त्याच वर्षापासून शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत झाला. जुलैत एका डीएपीच्या पोत्याला १,३५० रुपये लागतात. त्या दिवशी पदरात जे होते त्यातून खत घेतलंत, की विमा, हा हिशेब तुम्ही केलात आणि खत घेतलंत. मीही तेच केलं असतं. याला मी चूक म्हणणार नाही.

पण त्यापुढचंही सांगायला हवं. तुमच्या विमावाल्या शेजाऱ्यांना भरभरून मिळेल आणि आपण तेवढ्याला मुकलो, असं मनात घेऊन बसला असाल तर ते काढून टाका. पूर्वी रानात पाणी शिरलं की ७२ तासांत कळवायचं, माणूस येऊन बघायचा, स्थानिक आपत्तीचा दावा व्हायचा. २०२५ च्या खरिपात ते सगळं काढून टाकलं. राहिला फक्त पीक कापणी प्रयोग, म्हणजे निवडक रानांतलं पीक कापून उत्पादन मोजणं. अख्ख्या महसूल मंडळाची, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाची, सरासरी उंबरठा उत्पादनाच्या (आधीच ठरवून दिलेल्या उत्पादनाच्या) खाली गेली तर, आणि जेवढी गेली तेवढंच. शेजाऱ्याचं वाटोळं झालं पण मंडळातली माळावरची गावं वाचली, तर त्याचाही दावा लंगडा पडतो. माझं मत विचाराल तर सरकारनं इथं हात आखडता घेतला, आणि तो नेमका त्या वर्षी, ज्या वर्षी सीनेनं काठ सोडला.

तरी पुढच्या खरिपाला विमा भरा, असंच मी सांगेन. अख्खं मंडळ बुडतं तेव्हा तो उपयोगी पडतो, आणि नदीकाठच्या माणसाला अख्खं मंडळ बुडण्याची भीती इतरांपेक्षा जास्त. अनुदान आलं की त्यातले दीड-दोन हजार आत्ताच बाजूला टाका, जुलैत ते शोधत बसायला नको. सुविधा केंद्रवाल्याला विम्याच्या अर्जामागं कंपनी ४० रुपये देते, त्यानं तुमच्याकडून वर काही मागायचं नसतं. आणि मोबाइलवर ई-पीक पाहणी, म्हणजे रानात कोणतं पीक आहे त्याची सरकारी नोंद, कराच. विम्यात एक पीक आणि पाहणीत दुसरं निघालं तर अर्ज बाद होतो. हे काम सातवीतल्या मुलाला सांगा, तो पाच मिनिटांत करील.

दोन बारीकसारीक गोष्टी, पण पैसे तिथंच अडतात. वारस लागले की लगेच ॲग्रीस्टॅकवर, म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, तुमच्या नावाचा शेतकरी ओळख क्रमांक काढा. तो असेल तर अनुदानासाठी वेगळी ई-केवायसी (ओळखीची पडताळणी) करायला लागत नाही. नसेल तर यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रावर अंगठा द्यावा लागतो. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. तुम्हाला लाडकी बहीणचे पैसे येत असतील तर ते ज्या खात्यात येतात तेच खातं, दुसरं उघडायला जाऊ नका. मालकांच्या नावचं सोसायटीचं कर्ज थकलेलं असेल आणि बँकेतला कुणी म्हणाला की अनुदान कर्जात वळतं केलं, तर वाटपाच्या शासन निर्णयाकडे बोट दाखवा. ही रक्कम कोणत्याही वसुलीत वळती करायची नाही, असा आदेश त्यात असतो. बाधित तालुक्यांत शेतीकर्जाच्या वसुलीला २०२५ च्या पुरानंतर वर्षभर स्थगितीही जाहीर झाली होती. आणि मुलीच्या शाळेत विचारा, बाधित भागातल्या दहावी-बारावीच्या मुलांची परीक्षा फी तेव्हा माफ झाली होती. तुम्ही भरली असेल तर परत कशी मिळते ते मुख्याध्यापकांकडून कळेल.

सोमवारी बाजाराच्या दिवशी नका जाऊ, तलाठी सापडायचे नाहीत. मंगळवारी जा. मृत्यूच्या दाखल्याच्या चार झेरॉक्स ठेवा, एकीवर भागत नाही. मुलगा आणि मुलगी दोघंही अज्ञान आहेत, त्यामुळं त्यांच्या नावांपुढं ‘अ.पा.क. आई’ (अज्ञान पालनकर्ता आई) असं लिहून त्याखाली तुमचं नाव येईल. फेरफार वाचताना ते आलंय का, तुमच्या नावातली काना-मात्रा आधारप्रमाणे आहे का, एवढं नीट पाहा. आणि म्हशीचा अर्ज त्याच दिवशी द्या, वारसासाठी तो थांबवू नका.